आगराचे उन्हाळी शिंपणे : रत्नागिरीच्या घरबागेच्या इतिहासातील एक उपेक्षित बाजू

कोकणातील बागायतीविषयी आजवर जे लिहिले गेले आहे, त्यात झाडांचा आणि साऱ्याचा विचार पुष्कळ आहे. पाण्याचा मात्र फारच थोडा आहे. माड किती, पोफळी किती, त्यांवर आकार किती, तो खोताच्या हाती गेला की सरकारच्या, ह्या प्रश्नांची उत्तरे देणारी साधने विपुल असल्यामुळे अभ्यासकांचे लक्ष साहजिकच तिकडे वेधले गेले. परंतु रत्नागिरीच्या किनाऱ्यावर घरामागे आगर राखणाऱ्या गृहस्थापुढे दरवर्षी उभा राहणारा प्रश्न निराळाच होता. पावसाळ्यात झाड आपले आपण वाढते. ते वैशाखअखेरपर्यंत जगवावयाचे कसे, हा तो प्रश्न होय. कोणाचे आगर केवढे असावे हे जमिनीपेक्षा उन्हाळ्यातील पाण्याने, आणि ते पाणी उपसणाऱ्या हातांनी ठरत असे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. ते ग्राह्य धरल्यास घरबागेच्या इतिहासाकडे थोड्या वेगळ्या बाजूने पाहावे लागेल.

प्रथम प्रदेशाविषयी दोन शब्द. आजचा रत्नागिरी जिल्हा हा जुन्या जिल्ह्याचा उत्तरेकडील भाग आहे. १ मे १९८१ रोजी दक्षिणेकडील तालुके वेगळे होऊन सिंधुदुर्ग जिल्हा अस्तित्वात आला. त्यापूर्वीच्या काळासंबंधी येथे जे म्हटले आहे ते जुन्या, अखंड जिल्ह्याला लागू समजावे. ह्या प्रदेशात वर्षाकाठी ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, पण तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर ह्या चार महिन्यांत पडून जातो. खाली जांभा दगड. फ्रान्सिस बुकॅनन ह्याने मलबारातील अशाच दगडाला १८०७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासवृत्तात 'लॅटेराइट' हे नाव दिले. हा दगड सच्छिद्र असल्यामुळे पाणी त्यात चटकन मुरते, आणि जमिनीला समुद्राकडे तीव्र उतार असल्यामुळे तितक्याच त्वरेने निघूनही जाते. श्रावणात हिरवागार दिसणारा कातळ मार्गशीर्षात पिवळा पडलेला असतो. देशावरच्या माणसाला कोकणातील पाणीटंचाईचे नवल वाटते ते ह्यामुळेच.

साधनांचा विचार करू लागलो म्हणजे गणती कशाची झाली हे लक्षात येते. ह्या किनारपट्टीवरील माडांचा एक फार जुना उल्लेख नाशिकच्या लेण्यातील उषवदाताच्या शिलालेखात आहे. क्षत्रप नहपानाच्या ह्या जावयाने नानंगोल गावी नारळाची बत्तीस हजार झाडे दान दिल्याचे त्यात नमूद आहे. ते गाव उत्तर कोकणातील असल्याने रत्नागिरीशी त्याचा थेट संबंध नाही. पण दप्तरी मनोवृत्तीचा तो जणू पहिला नमुना आहे. झाडांची संख्या दिली आहे. त्या झाडांना चैत्रात पाणी कोण घालणार, ह्याविषयी दात्याने मौन पाळले आहे. सुमारे सतरा शतकांनंतरच्या इंग्रजी दप्तरातही मूलतः हेच आढळते. महसुली पाहणीत जमिनीचे भात, वरकस व बागायत असे वर्ग पाडले गेले, आणि बागायतीत समुद्राकाठची आगरी व आतील गावांतली डोंगरी असा भेद केला गेला. १८७८ च्या मुंबई आबकारी कायद्याने माडीसाठी छेवलेल्या झाडांवर झाडागणिक कर बसविला, तेव्हा माड मोजण्याचे काम अधिकच काटेकोर झाले. कॅम्बेलने संपादिलेल्या मुंबई गॅझेटिअरचा रत्नागिरी-सावंतवाडीविषयक दहावा खंड १८८० मध्ये निघाला आणि त्याची महाराष्ट्र राज्याने काढलेली सुधारित आवृत्ती १९६२ ची. हे दोन्ही ग्रंथ अत्यंत उपयुक्त आहेत ह्यात शंका नाही. तथापि एका विहिरीवर किती झाडे जगत, हा आगरवाल्याच्या दृष्टीने पहिला असलेला प्रश्न त्यांच्या चौकटीत बसत नाही.

आगर ह्या शब्दाने येथे घराला लागून असलेली माडपोफळींची बाग अभिप्रेत आहे. मुरुड, हर्णै, आंजर्ले, केळशी, गुहागर अशा किनाऱ्यावरील गावांची रचना पाहिली म्हणजे तिचे स्थान स्पष्ट होते. गावातून समुद्राला समांतर जाणारा एक रस्ता, त्याच्या दोहो बाजूंस घरे, आणि समुद्राच्या बाजूच्या घरांमागे पुळणीपर्यंत गेलेली चिंचोळी आगरे. मुरुड गाव कसे वसविले गेले ह्याविषयीचा एक कागद त्याच गावचे सुपुत्र रावसाहेब विश्वनाथ नारायण मंडलिक ह्यांनी रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या पत्रिकेत प्रसिद्ध केला होता. वसाहतीचा इतिहास म्हणून त्याचे महत्त्व मोठे आहे. अशा गावी ठिकाणाची लांबी-रुंदी ठरविताना विहिरीची जागा आधी पाहिली गेली असावी, असे आजची रचना पाहून अनुमान करता येते.

घराच्या पुढील बाजूचा प्रकार अगदी उलट. येथे कोकणी गृहस्थ गवताची काडीही राहू देत नसे. पाऊस सरला की खळ्यातील गवत खरवडून काढावयाचे, माती पसरून चोपण्याने चोपावयाची, आणि शेणाने सारवून जमीन तुळतुळीत करावयाची. दिवाळीनंतर त्यावर पोफळीच्या खांबांचा मांडव उभा राहून वर माडाची झापे पडत. उन्हाळ्यात ह्या भूमीवर भात, सुपारी, आमसुले, आंब्याची व फणसाची साठे वाळत. खळे ही घराची काम करण्याची जागा होती, आणि तिचा उपयोग ती कोरडी व उघडी असण्यात होता. म्हणजे एकाच घराच्या दोन बाजूंस उन्हाळ्याचे दोन परस्परविरोधी उपयोग चालत: पुढे ऊन राबवून घ्यावयाचे, मागे त्याच उन्हाशी झगडावयाचे. ह्या दोहोंच्या मध्ये न्हाणीघराच्या सांडपाण्यावर वाढणारी अळवे व केळी, तोंडलीचा मांडव, आणि तुळशीवृंदावन. घरातले वापरलेले पाणी वाया जाऊ न देण्याची ही रीत इतकी अंगवळणी पडलेली होती की तिला कोणी निराळे नावही दिले नाही.

आता प्रत्यक्ष शिंपण्याकडे वळू. शिंपणे हा शब्द कोकणात केवळ क्रियापद नाही. आगराला पाणी देण्याच्या संबंध हंगामाचे ते नाव आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास झाडांभोवतीची आळी नीट केली जात, पाट उकरून साफ केले जात आणि कार्तिक-मार्गशीर्षापासून शिंपणे सुरू होई. चैत्र-वैशाखात ते ऐन भरात येई आणि मृगाच्या पहिल्या सरीबरोबर थांबे. म्हणजे वर्षातील सहा-सात महिने हे काम घराच्या दिनक्रमात ठाण मांडून बसलेले असे. ते उजाडण्यापूर्वी किंवा उन्हे कलल्यावर चाले. भर उन्हात दिलेले पाणी झाडापेक्षा वाराच अधिक पितो, हे समजण्यास कृषिशास्त्राची वाट पाहावी लागली नव्हती. माडाच्या आळ्यात सोडणे पुरण्याची आणि वर पालापाचोळा पसरण्याची चाल होती. नारळाचे सोडण स्वतःच्या वजनाहून कितीतरी अधिक पाणी धरून ठेवते आणि हळूहळू सोडते. वरचे आच्छादन मातीतील ओल उडू देत नाही. नवीन लावलेल्या रोपाला पश्चिमेच्या बाजूने झावळीचा आडोसा करीत, कारण तिसऱ्या प्रहराचे ऊन सर्वांत घातक.

पाणी उपसण्याच्या साधनांत सर्वांत महत्त्वाचे साधन रहाट. विहिरीवर बसविलेल्या चाकावरून दोरांची माळ सोडलेली, तिला मातीचे लोटे बांधलेले. चाक फिरले की भरलेले लोटे वर येऊन डोणीत रिकामे होत आणि पालथे होऊन पुन्हा खाली जात. मोठा रहाट बैलाच्या किंवा रेड्याच्या बळावर चाले. लहान रहाट माणूस बसून हातापायांनी ओढी, त्याला पायरहाट म्हणत. लहान आगरांत लाटेनेही पाणी काढीत: एका टोकास वजन व दुसऱ्या टोकास भांडे बांधलेला आडवा वासा, एवढेच ते साधन. डोणीतून पाणी पाटात, आणि जेथे जमीन सखल असेल तेथे पोफळीच्या खोडाच्या पन्हळींतून पलीकडे. देशावरची मोट कोकणात फारशी का रुजली नाही, ह्याचे कारणही ह्या रचनेत आहे. मोटेला बैलांसाठी लांब उतरती धाव लागते आणि ती खोल विहिरीवर शोभते. समुद्राकाठच्या विहिरी उथळ, आणि आगरातील हातभर जागाही झाडाखाली गुंतलेली. डोंगरी बागायतीत ओढ्यावर दगडमातीचा तात्पुरता बांध घालून पाट काढता येई. दापोली तालुक्यातील आसूदबागेसारख्या ठिकाणी झऱ्याचे पाणी पाटाने बागांतून खेळते. तेथील गृहस्थाचे भाग्य किनाऱ्यावरच्या त्याच्या सोयऱ्याला हेवा वाटावा असेच म्हटले पाहिजे.

ह्या श्रमाचे माप कसे काढावे? जुने आकडे हाती नसले तरी आजच्या शिफारशींवरून एक अंदाज बांधता येतो. पूर्ण वाढलेल्या माडाला ठिबक सिंचनाने उन्हाळ्यात दररोज सुमारे ४० लिटर पाणी द्यावे, असे सांगितले जाते. शंभर माडांचे आगर धरल्यास हे ४,००० लिटर झाले. घागर पंधरा लिटरची मानली तर दररोज सुमारे २७० घागरी होतात, आणि पाटाने दिलेल्या पाण्यातील बराचसा भाग वाटेतच मुरत असल्यामुळे खरे उपसावे लागणारे पाणी ह्याहून पुष्कळच अधिक. माड एखाद्या उन्हाळ्यात आबाळ झाली तरी तग धरतो, त्याची फळे मात्र पुढे दीड-दोन वर्षे कमी होतात. कारण पोय बाहेर पडण्याच्या फार आधीपासून ती खोडात घडत असते. पोफळीला एवढाही धीर नाही. ताणाचा एक उन्हाळा तिला कायमची खिळखिळी करू शकतो. म्हणून आगर वाढविणे म्हणजे नवे रोप लावणे नव्हे, तर पुढील कित्येक वर्षे रोजच्या घागरींत भर घालणे होते, आणि शहाणा गृहस्थ रोप लावण्यापूर्वी विहिरीत वैशाखात किती पाणी राहते ते पाही.

हे हात कोणाचे होते? येथे इतिहासलेखन अधिक सावध असावयास हवे होते. आगराचे वर्णन करणाऱ्या लेखनात रहाटाची कुरकुर पहाटेच्या रम्य नादांपैकी एक म्हणून येते. ती कुरकुर कोणाच्या पायांनी निघत होती, हे सहसा सांगितलेले नसते. मोठी आगरे खोतांची व सुस्थित ब्राह्मण-मराठा घराण्यांची असत, आणि त्यांचे शिंपणे गडी, कुळे व त्यांची मुलेबाळे करीत. खोतीच्या गावांत कुळांकडून फुकट मजुरी घेण्याची वेठीची चाल होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. प्रत्यक्ष खोती रद्द करणारा कायदा १९४९ चा. खोतीवरील चर्चेत धारा, मक्ता, कुळाचा जमिनीवरील हक्क ह्यांचा ऊहापोह सविस्तर होतो; वेठीचा एक मोठा भाग उन्हाळ्यातल्या पाण्यावर खर्च होत असला पाहिजे, ह्या शक्यतेकडे मात्र लक्ष गेलेले नाही. भाताच्या कामाचा भर पावसाळ्यात असतो. शिमग्यापासून मृगापर्यंत खोताला कुळाच्या हातांची गरज लागे ती राब भाजण्यासाठी, घर शाकारण्यासाठी आणि आगरासाठीच.

लहान घरांतील शिंपणे बहुतांशी स्त्रियांनी केले. ह्या विधानाला लोकसंख्येच्या आकड्यांचा बळकट आधार आहे. मुंबईच्या गिरण्या व गोद्या ह्यांनी रत्नागिरीचे पुरुष ओढून नेले, त्यामुळे जनगणनेत ह्या जिल्ह्यात स्त्रियांची संख्या पुरुषांपेक्षा सतत अधिक भरत आली. १९६१ च्या जनगणनेत दर हजार पुरुषांमागे बाराशेहून अधिक स्त्रिया होत्या. २०११ मध्ये, गिरण्या बंद पडून गेल्यावरही, हे प्रमाण १,१२२ होते. मनिऑर्डरीवर चालणारा जिल्हा असे रत्नागिरीचे वर्णन करण्याची रूढी आहे. ती मनिऑर्डर येईपर्यंत घराला ज्या नारळ-सुपारीचा, केळीचा व तोंडली-पडवळाचा आधार असे, ती झाडे व वेली पाण्यावाचून जगत नव्हत्या. चाकरमानी शिमग्याला किंवा मे महिन्यात गावी येई, तेव्हा विहीर तळाला गेलेली असे आणि आगर हिरवे असे. त्या हिरवेपणामागील पाच महिन्यांचा हिशेब कोणत्याही वहीत नोंदला गेला नाही.

ह्याहून कठोर गोष्ट अशी की कित्येक कुटुंबांना आगर असण्याचा प्रश्नच उद्भवत नव्हता, कारण त्यांना विहिरीवर दोर टाकण्याचीच मुभा नव्हती. सीताराम केशव बोले ह्यांनी १९२३ मध्ये मुंबई कायदेकौन्सिलात सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव संमत करून घेतला, आणि शेजारच्या कुलाबा जिल्ह्यात महाड येथे २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याचे पाणी पिऊन आंबेडकरांनी तो हक्क बजावला. तो लढा मनुष्यत्वाच्या हक्काचा होता; बागेशी त्याचा संबंध जोडणे कदाचित क्षुल्लक वाटेल. परंतु ज्याला पिण्याचे पाणी वरून ओतून घ्यावे लागते, त्याच्या दारी उन्हाळ्यात माड उभा राहू शकत नाही, आणि माड नाही म्हणून विकावयास नारळ नाही, शाकारावयास झापे नाहीत. गावातील वस्त्यांच्या हिरवेपणातील फरक अनेकदा जमिनीच्या कसाने स्पष्ट केला जातो. तो कस पुष्कळ वेळा पाण्याच्या हक्काने घडविलेला असतो.

दप्तरांत पाणी मुळीच नाही असे मात्र म्हणता येणार नाही. भाऊबंदकीच्या वाटण्यांत ते अकस्मात प्रकट होते. जमीन वाटता येते, झाडेही मोजून वाटता येतात. विहीर वाटता येत नाही. म्हणून वाटपपत्रांत विहिरीतील हिस्सा आणि पाण्याची पाळी ठरवावी लागते, आणि आजही सातबाराच्या उताऱ्यात 'इतर हक्क' ह्या रकान्यात अशा हिश्शांच्या नोंदी सापडतात. तंटा उत्पन्न झाला की पाण्याला लेखी अस्तित्व मिळते, असा हा प्रकार आहे. घरबागेच्या अभ्यासकाने महसुली दप्तराआधी दिवाणी न्यायालयांतील वाटपाचे दावे चाळावेत, असे सुचवावेसे वाटते.

घरबागेची एक सर्वस्वी निराळी कल्पना इंग्रजांबरोबर आली. दक्षिण कोकणचे मुख्य ठाणे १८२२ मध्ये बाणकोटाहून रत्नागिरीस आले, आणि कचेऱ्यांबरोबर साहेबांचे बंगले आले. बंगल्याच्या पुढे हिरवळ असावी, ही त्या घराची प्रतिष्ठा. बंगालमधील धर्मोपदेशक फर्मिंजर आणि पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयातील वनस्पतिशास्त्राचे अध्यापक व गणेशखिंड बागेचे अधीक्षक वुड्रो ह्यांच्यासारख्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हिंदुस्थानात बाग कशी राखावी ह्यावर इंग्रजी ग्रंथ लिहिले. अशा ग्रंथांपुढची मूळ अडचण पंचांगाची होती. इंग्लंडात उन्हाळा हा बागेच्या बहराचा ऋतू. येथे तोच तिच्या कसोटीचा. विलायती फुलझाडे थंडीत लावून उन्हाळ्यापूर्वी आटपावी लागतात, आणि हिरवळ पावसाळ्यात जितकी सहज येते तितकीच सहज फाल्गुनात जळते.

ह्या हिरवळीसाठी जे गवत वापरले गेले ते आपली हरळी. हिच्या नशिबी विलक्षण त्रिविध जीवन आले आहे. दूर्वा म्हणून ती गणपतीच्या मस्तकी चढते, शेतकरी तिला शेतातून समूळ उपटून टाकण्यासाठी जन्मभर झटतो, आणि बंगल्याचा माळी तिच्याच काड्या लावून तिला दररोज पाणी घालतो. तिची मुळे व खोडे जमिनीखाली दूरवर पसरत असल्याने ती उन्हाळ्यात मरत नाही, केवळ सुकून निजते आणि पावसाबरोबर उठते. तिला वर्षभर जागी ठेवावयाचे झाल्यास किती पाणी लागेल? ऐन उन्हाळ्यात दररोज सुमारे ५ मिलिमीटर पाणी उडते असे धरले, तर १०० चौरस मीटर हिरवळीला दररोज ५०० लिटर लागतील. तेवढ्या पाण्यात बारा माड पोसले जातात. रत्नागिरीकर गृहस्थाने साहेबाचा चहा व खुर्ची घेतली आणि हिरवळ घेतली नाही, ह्यात रुचीचा प्रश्न किती आणि ह्या त्रैराशिकाचा किती, हे ज्याने त्याने ठरवावे. खळे शेणाने सारवणारी गृहिणी ह्या हिशेबात साहेबाच्या माळ्याहून अधिक जाणती होती, असे आम्हांस वाटते.

विसाव्या शतकाच्या मध्यानंतर ह्या सर्व व्यवस्थेत पालट झाला. आधी तेलावर चालणारी इंजिने आली, नंतर कोयनेची वीज १९६२ पासून निर्माण होऊ लागली आणि पुढील दशकांत विजेचे पंप खेडोपाडी पोहोचले. रहाट थांबला. मराठी भाषेत 'रहाटगाडगे' हा शब्द संसाराच्या अखंड येरझाऱ्यांसाठी आजही वापरला जातो. वापरणाऱ्यांपैकी थोड्यांनीच ते यंत्र चालताना पाहिले असेल. श्रमाच्या दृष्टीने ही मुक्तीच होती, आणि तिच्याविषयी हळहळ व्यक्त करणारे बहुधा ते असतात ज्यांना रहाट ओढावा लागला नव्हता.

परंतु समुद्राकाठच्या विहिरीच्या बाबतीत एक गोष्ट घडली, तिचा उलगडा भूजलशास्त्र करते. पुळणीखालचे गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असते, कारण ते वजनाने हलके आहे. बाडोन घायबेन ह्या डच अभियंत्याने १८८९ च्या सुमारास आणि हर्झबर्ग ह्या जर्मनाने १९०१ मध्ये स्वतंत्रपणे दाखवून दिले की गोड्या पाण्याची पातळी समुद्रसपाटीच्या वर जितकी असते त्याच्या सुमारे चाळीसपट खोलीपर्यंत गोडे पाणी समुद्रसपाटीखाली असते. ह्याचा व्यत्यास असा की वरची पातळी हातभर उतरली तर खालचे खारे पाणी चाळीस हात वर सरकू पाहते. रहाट लोट्यालोट्याने पाणी काढी, बैल थकला की थांबे, आणि तेवढ्या अवधीत विहीर पुन्हा भरे. पंप थकत नाही. तासाभरात विहिरीचा तळ दिसू लागला की बाजूने व खालून मचूळ पाणी शिरते. माड हे काही अंशी सोसतो. पोफळ, केळ आणि भाजीपाला सोसत नाहीत. रहाटाच्या मंदगतीत पूर्वजांची दूरदृष्टी होती असे ह्यावरून कोणी म्हणू लागल्यास ते अनैतिहासिक होईल. ती केवळ बळाची मर्यादा होती. तिच्यामुळे विहीर वाचली, हा योगायोग.

ह्याच काळात शिंपण्याचा प्रश्न प्रथमच शास्त्रीय अभ्यासाचा विषय झाला. रत्नागिरीजवळ भाट्ये येथे १९५५ मध्ये नारळ संशोधन केंद्र स्थापन झाले आणि १९७२ मध्ये दापोलीचे कोकण कृषी विद्यापीठ अस्तित्वात आले. भाट्ये केंद्राने पुरस्कारलेल्या 'लाखी बागे'त माडांच्या सावलीत जायफळ, दालचिनी व मिरी ही मसाल्याची पिके घेतली जातात. पाण्याच्या दृष्टीने पाहिले तर जुन्या आगराचेच तत्त्व तेथे हिशेबात बसविलेले दिसते: एकदा उपसलेले पाणी एकाच झाडाने न पिता तीन-चार थरांतील वनस्पतींनी प्यावे, आणि वरच्या थराने खालच्याचे ऊन अडवावे.

१९९० मध्ये रोजगार हमी योजनेशी निगडित फळबाग योजना सुरू झाल्यावर हापूसची कलमे कातळावर चढली. मोठ्या झालेल्या आंब्याला पाणी लागत नाही, ही त्याची कोकणातील लोकप्रियतेची खरी किल्ली होय. पण पहिले दोन-तीन उन्हाळे त्यालाही काढून द्यावे लागतात. कातळ फोडून मीटरभराचा खड्डा घ्यावयाचा, दुसरीकडून आणलेल्या मातीने तो भरावयाचा, आणि कलमाशेजारी तळाला बारीक भोक पाडून वात बसविलेले मडके पुरून त्यात पाणी भरत राहावयाचे, ही पद्धत ठिबकाच्या नळ्या सर्वत्र पोहोचण्यापूर्वी रूढ होती. डोक्यावरून घागर वाहून कातळावरची ती मडकी कोणी भरली, ह्याचे उत्तर मागील पिढीच्या आगराच्या बाबतीत दिले त्याहून फारसे वेगळे नाही.

शहरालगतच्या नव्या वसाहतींत घरापुढे पुन्हा हिरवळ दिसू लागली आहे, आणि ह्या वेळी ती साहेबाची नसून मुंबईहून परतलेल्या कोकणी मनुष्याची आहे. खळ्याला आता वाळवणाचे काम उरलेले नाही. न्हाणीचे पाणी बंद नळाने बाहेर जाते. ह्या घरांचे उन्हाळी पाणी विहिरीतून, विंधनविहिरीतून किंवा टँकरातून येते. म्हणजे बागेचा विस्तार पुन्हा एकदा कोणाला किती पाणी विकत किंवा हक्काने मिळते ह्यावर ठरतो आहे.

ह्या विषयावर काम करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी शेवटी एक व्यावहारिक सूचना. जुन्या विहिरींवर रहाटाचे दगडी खांब, डोणी आणि काठावर दोरांनी पडलेले घळ अजून शिल्लक आहेत. दरवर्षी त्यांतील काही पाडले जातात. त्यांची मोजमापे, छायाचित्रे आणि विहिरीची चैत्रातील व वैशाखातील पातळी ह्यांची नोंद गाववार करावी. ज्यांनी लहानपणी पायरहाट ओढला अशी माणसे आता सत्तरीच्या पुढे आहेत, आणि त्यांत स्त्रिया अधिक आहेत. त्यांना आगरात झाडे किती होती हे विचारू नये. ते दप्तरात सापडेल. एका बैठकीत किती आळी भरत, पहिले पाणी कोणत्या झाडाला जाई, विहीर कितव्या महिन्यात आटे, पाळी चुकली तर कोणाशी भांडण होई, आणि आटल्यावर सर्वांत आधी कोणते झाड सोडून देत, हे विचारावे.